कळफलकाची निवड कोणाची?

लिहिणाराचा हात एकदां एखाद्या वळणास लागला म्हणजे तें वळण मोडणें किती कठीण जातें, हें मोडी सोडून बाळबोध धरणाऱ्या पिढीस विचारावयास हवें होतें. ती पिढी आतां राहिली नाहीं. परंतु तिच्यासारखाच प्रसंग संगणकापुढें बसणाऱ्या प्रत्येक मराठी माणसावर येत असतो. पडद्यावरील खिडक्या, चित्रें, याद्या आणि बोटांखालच्या कळा यांची मांडणी कोणी तरी दूरचा मनुष्य ठरवितो आणि आपण ती मुकाट्यानें गिरवितों. ही मांडणी निवडण्याचा अधिकार वापरणाराचा कीं बनविणाराचा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. मराठी लेखनाचा गेल्या दोनशें वर्षांचा इतिहास पाहतां तो क्षुल्लक नाहीं, असें आम्हांस वाटतें.

मोडी ही घाईच्या हातासाठीं घडलेली लिपि. आधीं ओळभर रेघ ओढावयाची आणि मग लेखणी फारशी न उचलतां तिच्याखालीं अक्षरें लोंबवीत जावयाचीं. छापखान्यास मात्र सुटीं अक्षरें हवीं असतात. विल्यम केरी यानें श्रीरामपुरास १८०५ सालीं मराठीचें व्याकरण काढलें तें देवनागरी टाइपांत. पुढें १८१० सालच्या कोशांत त्यानें मोडी टाइप वापरला. तेव्हां मोडी छापणें अशक्य होतें असें नव्हे. तें अडचणीचें होतें, एवढेंच. पुढील छापखान्यांनीं बहुतेक सोपा मार्ग धरला, शाळांनीं छापखान्याचें अनुकरण केलें, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी व्यवहारांतून उठली. याची किंमत २०२३ सालीं दिसून आली. कुणबी नोंदी शोधण्यासाठीं शासनानें न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली आणि जुनीं दप्तरें उघडल्याबरोबर मोडी वाचणाऱ्या जाणत्यांची शोधाशोध सुरू झाली. ज्या कागदावर कुटुंबाचा हक्क अवलंबून, तो कागद त्या कुटुंबांतील कोणासही वाचतां येऊं नये, याहून विलक्षण स्थिति कोणती?

छापखान्यामागून टंकलेखनयंत्र आलें. चाळीस-पंचेचाळीस कळा आणि प्रत्येकीवर दोन खुणा, एवढ्यांत सारी देवनागरी कोंबावयाची होती. रेमिंग्टन पद्धतीनें शिकलेल्या कारकुनास ‘कि’ लिहितांना आधीं वेलांटी आणि मग ‘क’ उमटवावा लागे. म्हणजे तोंडाचा क्रम एक आणि बोटांचा दुसरा. यंत्रास लिपि जड जाते असें पाहून कांहीं थोर मंडळींनीं लिपीसच हलकी करण्याचें मनांत घेतलें. सावरकरांनीं ‘अ’ची बाराखडी पुरस्कारिली, काका कालेलकरांचाही कल तिकडेच होता. १९५३ सालीं लखनौच्या परिषदेनें ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचें ठरविलें. तो ठराव थोड्याच वर्षांत मागें घ्यावा लागला. या सुधारकांचा हेतु निर्मळ होता. परंतु यंत्राच्या सोयीसाठीं कोट्यवधि डोळ्यांनीं आपली संवय बदलावी, ही अपेक्षा आम्हांस तरी उलटी वाटते.

संगणकानें ही अडचण मुळांतच नाहींशी करावयास हवी होती, कारण त्यास ना खिळे लागतात ना टंक. प्रत्यक्षांत आरंभीं अधिकच गोंधळ माजला. प्रत्येक व्यापाऱ्यानें आपापला फाँट काढला आणि कोणत्या कळेस कोणतें अक्षर हें त्या फाँटासच बांधून टाकलें. एका ठिकाणीं लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडावा, तों इंग्रजी अक्षरांची निरर्थक रास पुढें येई. फाँट निवडला कीं त्याचा कळफलकही गळ्यांत पडे, आणि मजकूर त्या व्यापाऱ्याच्या दावणीस बांधला जाई. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी खात्यानें १९८६ सालीं इनस्क्रिप्ट हा सर्व भारतीय लिपींस समान कळफलक ठरविला होता. डाव्या हातास स्वर, उजव्या हातास बहुतेक व्यंजनें आणि बोलण्याच्याच क्रमानें लेखन. मांडणी उत्तम, तथापि रेमिंग्टनवर तयार झालेल्या हातांनीं ती सहसा उचलली नाहीं.

१९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली, आणि २००० सालच्या विंडोजपासून देवनागरी तींतून लिहितां येऊं लागली. युनिकोडचें खरें कर्तृत्व असें कीं, त्यानें सांठविलेलें अक्षर आणि दाबलेली कळ यांची गांठ सोडली. कोणी इनस्क्रिप्टनें लिहो, कोणी जुन्या रेमिंग्टन वळणानें, कोणी रोमन अक्षरांच्या उच्चारावरून. पोटांत जावयाचें तें अक्षर एकच. पोटांत एकरूपता असल्यामुळेंच वर मोकळीक शक्य झाली. निवडीचे कैवारी आणि शिस्तीचे कैवारी हे दोघेही ही गोष्ट विसरतात.

ती एकरूपता जेथें उणी पडली तेथें काय होतें, तें पाहण्यास वाशीम जिल्ह्यांतील रिठदसारखें गांव घ्यावें. रिसोड तालुक्यांतील हा भाग शेतीचा. येथून निघणाऱ्या अर्जांत ‘शेतकऱ्याचा’ हा शब्द न येईल तर नवल. यांतील लोंबता अर्धा र दोन रीतींनीं लिहितां येतो: एक ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरानें, दुसरी साध्या र पुढें हलन्त व न दिसणारी जोडखूण घालून. डोळ्यांस दोन्ही सारखींच. परंतु यंत्राच्या दृष्टीनें ते दोन निराळे शब्द. या दोहोंस एक मानण्याची तजवीज केलेली नसेल, तर एका रीतीनें नोंदलेलें आडनांव दुसऱ्या रीतीनें शोधणारास सांपडत नाहीं. कित्येकांस तर ही खूण कळफलकावर कोठें आहे तेंच ठाऊक नसतें, आणि मग छापील कागदांतही ‘शेतकर्याचा’ असें रूप दिसतें. इनस्क्रिप्टवर ती र च्याच कळेवर, शिफ्ट दाबल्यास मिळते. मुलांस आरंभींच इनस्क्रिप्ट शिकवावें असें आमचें मत आहे तें यासाठींच. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणारास स्वतःच्या भाषेकडे परक्या दारानें यावें लागतें. परंतु वीस वर्षें रेमिंग्टन वापरलेल्या कारकुनावर तें लादणें यांत आम्हांस कांहीं शहाणपण दिसत नाहीं.

पडद्याच्या मांडणीविषयींही आमचें हेंच म्हणणें. १९९५ पासून लोकांच्या हातीं बसलेलें स्टार्टचें बटण विंडोजच्या २०१२ सालच्या आवृत्तींत काढून टाकलें, आणि ओरड झाल्यावर पुढच्याच वर्षीं तें परत आणावें लागलें. २०११ सालीं ग्नोम या मुक्त प्रणालीनेंही आपलें रूप पार पालटलें. पण तेथें नाखूष मंडळींस ओरडत बसण्याचें कारण पडलें नाहीं. जुना पाया खुला असल्यामुळें त्यांनीं मेट या नांवानें तो पुढें चालू ठेवला. मराठींत भाषांतरिलेल्या यादींतला ‘धारिका’ हा शब्द वाचून मनुष्य थबकतो, ‘फाईल’ वाचून थबकत नाहीं. तो शब्दही ज्यास त्यास पालटतां यावा.

मोडीस युनिकोडांत २०१४ सालीं जागा मिळाली. म्हणजे ज्या लिपीस छापखान्यानें दार लावलें होतें, ती आज तत्त्वतः कोणत्याही संगणकावर लिहितां येते. कळफलक बदलण्याची सोय तर हल्लींच्या प्रत्येक संगणकांत असतेच. मात्र ती तीन-चार पडद्यांआड, बहुधा इंग्रजी नांवाखालीं असते, आणि संगणक विकणारा ती गिऱ्हाइकास उघडून दाखवीत नाहीं.