कोटितीर्थाचा चित्रकार

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयांत करवीरकर चित्रकारांचीं चित्रें एकत्र मांडलेलीं आहेत. त्यांत आबालाल रहिमान यांच्यापाशीं पाऊल अडतें. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून परतलेल्या या कलावंतास शाहू छत्रपतींनीं दरबारीं आश्रय दिला. त्यांचा जीव मात्र रमला तो कोटितीर्थाच्या तळ्याकांठीं, पाण्यावरील बदलत्या उजेडांत. १९२२ सालीं महाराज निवर्तले. त्या दुःखांत आबालालांनीं आपलीं असंख्य चित्रें त्याच तळ्यांत बुडविलीं, अशी आख्यायिका आहे. (आख्यायिकेस पुरावा मागणें ही आम्हां प्राध्यापकांची खोड!) महाराजांचें साह्य बाबूराव पेंटरांसही होतें; परंतु त्यांच्या ‘सैरंध्री’ला १९२० सालीं तिकीट काढणारा प्रेक्षकही लाभला. निसर्गचित्रांना तसें गिऱ्हाईक कोठें होतें? १९३१ सालीं आबालाल वारले.