एमडीची कुळकथा

मुंबई-पुण्याच्या गुन्हेवार्तांत 'एमडी' आता रोजचंच झालं आहे. 'म्याऊ म्याऊ' म्हणतात तेही हेच. खरं नाव मेफेड्रोन. 1929 मध्ये एका फ्रेंच रसायनशास्त्रीय नियतकालिकात त्याची कृती छापून आली आणि तिथेच पडून राहिली. औषध म्हणून ते कधी बाजारात आलं नाही.

त्याचा भाऊबंद मात्र फार जुना आहे. येमेन, इथिओपियात लोक खात नावाच्या झुडपाची कोवळी पानं दुपारभर चघळतात. त्यातलं कॅथिनोन सावकाश अंगात भिनतं आणि गालात पानं मावून मावणार किती! मेफेड्रोन त्याच घराण्यातलं, पण प्रयोगशाळेत घडलेलं. पुडीला गालाची मर्यादा नाही.

2003 च्या सुमारास एका हौशी रसायनज्ञाने इंटरनेटवर ते पुन्हा उजेडात आणलं. 2008 मध्ये कंबोडियात 33 टन सॅसफ्रास तेल नष्ट केलं गेलं. एक्स्टसी ही नशेची गोळी या तेलापासून बनते. युरोपात तिचा तुटवडा पडला आणि ती जागा मेफेड्रोनने घेतली. ब्रिटनमध्ये ते उघड विकलं जाई. पाकिटावर 'झाडांचं खत' आणि 'मानवी सेवनासाठी नाही' असं छापलेलं असे. हे वाचून आजही संताप येतो. विकणाऱ्याला सगळं ठाऊक होतं. अजाण होता तो घेणारा पोरगा. कायद्याने बंदी नाही म्हणजे धोका नाही, अशी त्याची समजूत. एप्रिल 2010 मध्ये तिथे बंदी आली, भारतात फेब्रुवारी 2015 मध्ये.

मेफेड्रोन घेतलं की मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन एकदम उसळतात. पण नाकाने ओढलं तर कैफ तासाभरातच उतरू लागतो, म्हणून लगेच पुन्हा, मग रात्रभर पुन्हापुन्हा. खरा घात इथे होतो. छाती धडधडते, अंग तापतं, दातखीळ बसते, नाकातून रक्त येतं, कधी बोटं गार पडून निळसर होतात. जागरणांपाठोपाठ संशय आणि भास येतात, नशा उतरल्यावर खोल उदासी. पुडीत नेमकं काय आणि किती मिसळलंय, हे तर घेणाऱ्याला कळतच नाही.

बंदीनंतर कारखाने आपल्या दाराशी आले. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांचा छापा पडला तो कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत. युरोपात बंदी चुकवायला रेणूत किंचित फेरफार करून 3-एमएमसीसारखी भावंडं आणली गेली. या नशेवर उतारा असं औषध नाही. डॉक्टर रुग्णाला शांत करतात, अंग थंड करतात, हृदयावर लक्ष ठेवतात. रुग्णाने काय घेतलं ते सोबतच्यांनी भीतीपोटी लपवलं, तर उपचाराची मोलाची मिनिटं वाया जातात.