आवाजाची जात आणि गळ्याची पट्टी

वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडे होता (१५३४-१७३९), त्याच काळात इटलीत ऑपेरा जन्मला आणि बहरला. मॉन्टेवेर्दीचा 'ऑर्फेओ' १६०७ सालचा. ऑपेरातील भूमिका ठरावीक जातीच्या आवाजासाठी लिहिली जाते: स्त्रियांत सोप्रानो उंच, आल्टो खालचा, पुरुषांत टेनर उंच, बास खर्जातला. पोपच्या रोममध्ये स्त्रियांना रंगभूमी वर्ज्य होती. नायिकेचे उंच स्वर तिथे कास्त्राती गात. तो गळा टिकावा म्हणून बालपणीच त्यांना खच्ची केलेले असे.

वसई मराठ्यांकडे आल्यावर १४१ वर्षांनी, १८८० साली, पुण्यात किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. इथेही स्त्रीभूमिका पुरुषच करीत. बालगंधर्वांची (१८८८-१९६७) 'मानापमान'मधील भामिनी सर्वांना ठाऊक आहे. पण शस्त्राची गरज कधी पडली नाही. आपल्या षड्जाला ठरलेली उंची नाही. गायक धरील ती पट्टी. नायिकेचे पद पुरुषाच्या गळ्याला बेतता येते. याची किंमतही आहे: भिन्न जातींचे आवाज एकाच वेळी निरनिराळे स्वर गात आहेत, असे समूहगान आपल्या नाटकात रुजले नाही.

संगीत नाटकाला 'मराठी ऑपेरा' म्हणताना एवढे ध्यानात ठेवावे: तिथे भूमिकेसाठी गळा घडवला गेला, इथे भूमिकाच गळ्याशी जुळवून घेत आली.