घराची साक्ष : रहस्यकादंबरीतील हौशी शोधिका आणि हदगावचा वाचक

रहस्यकादंबरी हा वाङ्मयप्रकार आपल्या समीक्षेने फारसा मनावर घेतलेला नाही. वाचनालयाच्या देवघेवीच्या वहीत ज्या पुस्तकांची नोंद वारंवार व्हावी आणि वाङ्मयेतिहासात ज्यांना एखाद्या परिच्छेदापलीकडे जागा मिळू नये, अशी ह्या पुस्तकांची स्थिती आहे. प्रस्तुत निबंधात ह्या प्रकाराच्या एका शाखेचा विचार करावयाचा आहे. ज्या कादंबरीत गुन्ह्याचा छडा पोलीस अधिकारी किंवा धंदेवाईक गुप्तहेर लावीत नाही, तर कसलाही सरकारी अधिकार नसलेली, जिभेने तिखट आणि वृत्तीने निर्भय अशी एखादी स्त्री लावते, ती ही शाखा होय. अशा नायिकेस येथे ‘हौशी शोधिका’ म्हटले आहे.

ह्या कादंबऱ्यांचे आकर्षण कशात आहे? ‘करमणुकीत’ हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. करमणूक तर प्रत्येक रहस्यकथा करते. आमच्या मते ह्या आकर्षणाचे मूळ अन्यत्र आहे. स्त्रीला घरात राहून जे ज्ञान होते, त्याला समाज ‘चांभारचौकशी’ म्हणतो. ही कादंबरी त्याच ज्ञानाला पुराव्याचा दर्जा देते. हे विधान तपासून पाहण्यास हदगावसारखे गाव विशेष उपयोगी आहे, कारण घरातले ज्ञान आणि कचेरीतला पुरावा ह्यांमधील अंतर तेथे फार मोठे होते.

हदगाव हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. उत्तरेस पैनगंगा वाहते आणि नदीपलीकडे वऱ्हाडातील उमरखेड आहे. दोन्ही तीरांवरील शेतकऱ्यांची बोली मराठीच; परंतु वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि अलीकडचा तीर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या सत्तेखाली राहिला. अलीकडे कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षणाचे माध्यम उर्दूच ठेवण्यात आले. म्हणजे खेड्यातील जमिनीच्या वादाचा कागद ज्या भाषेत होई, ती भाषा त्या जमिनीवर राबणाऱ्या बहुतेकांच्या घरात बोलली जात नसे. पुरुषाला निदान कचेरीची पायरी चढून कोणाकडून कागद वाचून घेता येई. मराठवाड्यातील देशमुखी घराण्यांत गोषा पाळला जाई; तेथील स्त्रीला तेवढीही मुभा नव्हती. घरात कोण आले, कोणता कागद कोणाच्या पेटीत गेला, कोणाच्या ताटातले अन्न तसेच राहिले, हे तिला ठाऊक असे; पण ते सांगण्याची जागा तिच्यापाशी नव्हती.

आता ह्या शाखेचा इतिहास पाहू. लंडनमध्ये १८६४ साली अँड्र्यू फॉरेस्टर ह्यांचे ‘द फीमेल डिटेक्टिव्ह’ हे पुस्तक निघाले. त्या वेळी तेथील पोलीसदलात स्त्री अधिकारी नव्हती. कल्पना वास्तवाच्या कित्येक दशके पुढे होती. त्यातील निवेदिकेचा मुख्य युक्तिवाद असा, की पुरुषाला जेथे शिरकाव नाही तेथे स्त्री सहज वावरू शकते. ती मात्र पगारी होती. हौशी शोधिकेचा ठसठशीत अवतार दिसतो तो अमेरिकन लेखिका ॲना कॅथरीन ग्रीन हिच्या १८९७ मधील ‘दॅट अफेअर नेक्स्ट डोअर’ ह्या कादंबरीत. तिची नायिका अमेलिया बटरवर्थ ही मध्यमवयीन, अविवाहित, खाऊनपिऊन सुखी आणि चांगलीच फटकळ अशी बाई आहे. शेजारच्या बंद घरासमोर रात्री गाडी थांबते, ती ही खिडकीतून पाहते. आणि पुढे अनुभवी पोलीस गुप्तहेराशी तिची चढाओढ सुरू होते. शेजारणीच्या ज्या खिडकीची सर्वत्र टवाळी होते, तीच येथे शोधाचे पहिले साधन ठरली आहे.

ह्याच सूत्राचा सर्वांत निर्भेळ आविष्कार कादंबरीत नव्हे, तर सुसान ग्लास्पेल हिच्या ‘ट्रायफल्स’ (१९१६) ह्या छोट्या नाटकात आढळतो. ग्लास्पेल वार्ताहर असताना आयोवा राज्यातील एका शेतकऱ्याच्या खुनाचा खटला तिने पाहिला होता. त्यावर हे नाटक आधारलेले आहे. वकील आणि पोलीस माडीवर पुरावा शोधीत असतात. खाली स्वयंपाकघरात दोन बायका अर्धवट शिवलेल्या गोधडीकडे पाहत बसतात. सर्व टाके एकसारखे, फक्त एका ठिकाणी ते बिघडलेले. एवढ्यावरून घरधनिणीच्या मनाची अवस्था त्यांना उमगते. पुरुष त्यांच्या गोधडीच्या बोलण्याला हसून पुढे जातात. हा प्रसंग हदगावच्या वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही. वाकळ शिवणाऱ्या बाईला धावदोरा कोठे आणि का चुकला हे पाहताक्षणी कळते. त्या दोघी पुढे आपले ज्ञान अधिकाऱ्यांना सांगत नाहीत, हे महत्त्वाचे आहे. ज्यांनी आपले बोलणे कधी ऐकले नाही त्यांच्यापुढे साक्ष का द्यावी, हा प्रश्न नाटककर्तीने मोकळा ठेवला आहे.

पुढील काळात ह्या नायिकेला मोठा वाचकवर्ग लाभला. अगाथा ख्रिस्तीची हजरजबाबी टपेन्स १९२२ साली आली. १९३० साली मिस मार्पल प्रथम कादंबरीत अवतरली आणि त्याच वर्षी अमेरिकेत नॅन्सी ड्रू ही मुलींची लाडकी शोधिका जन्मास आली. मिस मार्पल फटकळ नव्हे, तिचा बोचरेपणा सौम्य आहे. परंतु तिची पद्धत आपल्या दृष्टीने फार बोलकी आहे. कोणत्याही गुन्हेगाराकडे पाहून तिला आपल्या खेड्यातील कोणीतरी आठवते, आणि त्या साम्यावरून ती निष्कर्ष काढते. खेडे म्हणजे अज्ञान ह्या समजुतीस हे सरळ उत्तर आहे. हिंदुस्थानात बंगालीमध्ये प्रभावती देवी सरस्वती ह्यांनी कृष्णा नावाची तरुण शोधिका निर्माण केली व मुलींसाठी तिची कथामाला लिहिली.

मराठीत काय घडले? बाबूराव अर्नाळकर (चंद्रकांत सखाराम चव्हाण, १९०६–१९९६) ह्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याआधी हैदराबाद राज्याने १९५५ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला होता. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. ग्रंथालये वाढली तसा ह्या स्वस्त, सुटसुटीत पुस्तकांचा संचारही वाढला. परंतु अर्नाळकरांच्या सृष्टीत शोध आणि साहस ह्यांचे केंद्र झुंजार, काळापहाड, धनंजय अशा पुरुषांकडे आहे. झुंजारची पत्नी विजया धाडसी आहे, बुद्धिमान आहे. पण ती सहचरी आहे. पुढे सुहास शिरवळकरांच्या (१९४८–२००३) काळी भाषा आणि नायक बदलले, केंद्र मात्र फारसे हलले नाही. झुंजारच्या तोडीची कीर्ती मराठीत कोणाही शोधिकेला मिळाली नाही.

ह्याचे कारण प्रतिभेच्या अभावात शोधणे योग्य होणार नाही. आपली भाषाच ह्याविषयी साक्ष देते. झटपट आणि मार्मिक उत्तर देणारा पुरुष ‘हजरजबाबी’ ठरतो. तेच उत्तर सुनेने दिले तर ती ‘तोंडाळ’, ‘आगाऊ’ ठरते. लोककथेने मात्र हा भेद मानला नाही. कोडे सोडवून राजाला निरुत्तर करणारी, सासऱ्याची अब्रू वाचविणारी चतुर सून आपल्या कथांत जागोजाग भेटते. जात्याभोवती आणि पाणवठ्यावर जिला मान होता, ती छापील कादंबरीच्या उंबऱ्याशी अडली.

येथे तिखट जिभेचे कार्यही समजून घेतले पाहिजे. ते केवळ गमतीचे अंग नव्हे. पोलिसाजवळ समन्स असते, झडतीचा हुकूम असतो, कोठडी असते. हौशी शोधिकेजवळ ह्यांतले काही नाही. समोरच्याला बोलते करणे, चिडविणे, गाफील ठेवणे, ही तिची शस्त्रे. आणि ती सर्व शब्दांचीच आहेत. म्हणून नायिका मुखदुर्बळ असेल तर ही कादंबरी चालणारच नाही.

ह्या नायिकेचा महाराष्ट्राशी अगदी जवळचा संबंध जोडला गेला तो इंग्रजी कादंबरीतून. सुजाता मॅसी ह्यांची ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’ ही कादंबरी २०१८ साली प्रसिद्ध झाली. काळ १९२१ चा, स्थळ मुंबई. परवीन मिस्त्री ही वडिलांच्या पेढीत काम करणारी पारशी वकील. पडद्यातील तीन मुसलमान विधवा आपला वारसा सोडून देत आहेत असा कागद तिच्यापुढे येतो. सह्या पाहून तिला संशय येतो. त्या घरी खून होतो. जनान्यात पुरुष पोलिसांना प्रवेश नाही, परवीनला आहे.

ह्या नायिकेमागे खरी व्यक्ती आहे. कॉर्नेलिया सोराबजी ह्यांचा जन्म १८६६ साली नाशिकला झाला. त्या पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकल्या. ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली, पण पदवी हाती पडली १९२२ साली, कारण १९२० पर्यंत तेथे स्त्रियांना पदवी देत नसत. १९०४ पासून त्यांनी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सतर्फे पडद्यातील स्त्रियांच्या मालमत्तेची कामे पाहिली. हे काम निघाले ते कायद्याच्या अडचणीतून. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे १३२ वे कलम रूढीने पडदा पाळणाऱ्या स्त्रीस न्यायालयात प्रत्यक्ष हजर राहण्यापासून सूट देते. अशा स्त्रीने केलेला दस्तऐवज तिला समजला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी, त्या दस्तऐवजाचा फायदा घेणाऱ्यावर असते, असेही न्यायालयांनी ठरविले होते. परंतु तो तिला समजला होता की नाही, हे आत जाऊन विचारणार कोण? सोराबजींच्या कामाची गरज ह्या प्रश्नात होती, आणि मॅसींच्या कादंबरीचे रहस्यही त्यातूनच उगवते.

अलीकडच्या काळातही ह्याचे प्रत्यंतर मिळते. मुंबईत १९९१ साली स्वतःची शोधसंस्था काढणाऱ्या रजनी पंडित ह्यांनी एका खुनाच्या तपासासाठी घरकामाची बाई म्हणून संशयिताच्या घरी कित्येक महिने राहिल्याचे सांगितले आहे. त्या धंदेवाईक खऱ्या, पण युक्ती हौशी शोधिकेचीच. भांडी घासणाऱ्या बाईपुढे माणसे बोलताना आवाज खाली आणीत नाहीत.

ह्या कादंबऱ्यांवर एक आक्षेप रास्त आहे. अमेलिया बटरवर्थला पोटाची चिंता नाही. परवीनच्या पाठीशी वडिलांची पेढी आहे. हौस परवडावी लागते. हदगावच्या शिवारात रोजंदारीने निंदणीस जाणाऱ्या बाईने सावकाराच्या वहीविषयी तोंड उघडले, तर दुसऱ्या दिवशी तिला कामावर बोलावणे येईलच असे नाही. कादंबरीतील निर्भयतेची किंमत नायिकेला क्वचितच मोजावी लागते. हा दोष मान्य करूनही असे म्हणावे लागते, की ज्या गोष्टीची किंमत प्रत्यक्षात फार मोठी आहे, तिचेच स्वप्न वाचक पुन्हा पुन्हा पाहतो.

खुनी कोण, हे शेवटच्या प्रकरणात कळले की रहस्य संपते. तरीही वाचक त्याच नायिकेचे पुढचे पुस्तक मागतो. त्याला उत्तराहून अधिक ओढ असते ती त्याआधीच्या एका क्षणाची : भरल्या दिवाणखान्यात ती बोलू लागते आणि आजवर तिला गप्प बसविणारे सगळे ऐकत राहतात. पैनगंगेच्या अलीकडे जिच्या साक्षीला कागदावर भाषा नव्हती आणि कचेरीत जागा नव्हती, तिच्या लेकीसुनांच्या हाती असे पुस्तक पडले, तर तो क्षण त्यांना परका वाटण्याचे कारण नाही. मराठी लेखकांपुढे म्हणून हे काम अजून शिल्लक आहे. शोधिका परदेशातून आणावयाची नाही. ती आपल्याच घरात, वाकळीचा टाका निरखीत बसलेली आहे.