‘अलोहा ओए’: निरोप नक्की कुणाचा?

हवाईचा समुद्रकिनारा दाखवायचा असला की सिनेमात, कार्टूनमध्ये हमखास ही चाल वाजते. तिची जुनी-नवी रेकॉर्डिंग्ज मी ओळीने ऐकली. शब्द बहुतेक तेच, पण निरोप घेणारं माणूस दर वेळी वेगळं.

१८७८च्या सुमारास राजकन्या लिलिउओकलानी यांनी हे गाणं रचलं. ओआहू बेटावर माउनाविलीहून परतताना त्यांनी एका जोडीची गळाभेट पाहिली होती, एवढंच निमित्त. पुढे त्या राणी झाल्या. १८९३मध्ये त्यांची सत्ता उलथवली गेली आणि १८९५मध्ये त्या आपल्याच राजवाड्यात कैदेत होत्या. प्रेमिकांच्या निरोपात लोकांना हातून गेलेलं राज्य ऐकू येऊ लागलं.

मग स्टील गिटार आली, बिंग क्रॉसबी आला. होनोलुलूच्या धक्क्यावरून जहाज सुटताना बँड हेच वाजवू लागला. १९६१च्या ‘ब्लू हवाई’त एल्विसने ते गायलं. निरोप आता सुट्टी संपलेल्या पर्यटकाचा झाला होता.

जॉनी कॅशचं रेकॉर्डिंग त्याच्या मृत्यूनंतर, २०१०मध्ये आलं. त्या थकलेल्या आवाजात निरोप पुन्हा जड होतो.

कोडमध्ये बदल केला की कुणी, का केला हे आम्ही नोंदवतो. गाण्याला तशी नोंदवही नसते. म्हणून ऐकाल तेव्हा राणीचं नाव आठवा.