शहराच्या वहीतले नाव

शाळेत नवा विद्यार्थी आला की जनरल रजिस्टर उघडावे लागते. नाव, जन्मस्थळ, मातृभाषा. एकदा शाईने लिहिले की ते सहजासहजी बदलत नाही. पुढे आयुष्यभर दाखल्यांवर तेच उतरते. वहीतल्या एका ओळीचे वजन मुख्याध्यापकाला निराळे सांगावे लागत नाही. म्हणूनच जर्मन भाषक शहरांतील ‘ब्युर्गरबुख’, म्हणजे नागरिकांच्या नोंदवह्या, मला फार जवळच्या वाटतात.

मध्ययुगात या शहरांच्या तटाबाहेर सरंजामदारांची सत्ता होती आणि पुष्कळ शेतकरी धन्याच्या जमिनीला जखडलेले होते. असा एखादा भूदास पळून शहरात आला आणि एक वर्ष व एक दिवस धन्याने त्याच्यावर हक्क सांगितला नाही, तर अनेक शहरांत तो मुक्त मानला जाई. परंतु मुक्त होणे निराळे आणि नागरिक होणे निराळे. नागरिकत्वासाठी शहराशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागे, शुल्क भरावे लागे. कित्येक ठिकाणी आग विझवण्यासाठी कातडी बादलीही आणावी लागे. लाकडी घरांच्या शहरात ती बादली म्हणजे शेजारधर्माची खूणच! मग लेखनिक वहीत नाव लिही. फ्रांकफुर्टच्या अशा वह्या १३११ सालापासूनच्या आहेत.

या नोंदीमुळे माणसाचे नशीब कसे पालटे, हे महाकवी गटे यांच्याच घराण्यात दिसते. त्यांचे आजोबा थुरिंगियातून आलेले शिंपी. १६८७ मध्ये फ्रांकफुर्टच्या एका शिंप्याच्या मुलीशी लग्न करून ते तिथले नागरिक झाले. पुढे १८१७ मध्ये, वायमारला कायमचे स्थायिक झालेल्या नातवाने करांच्या ओझ्यापायी तेच नागरिकत्व सोडून दिले. आजोबांनी लग्नगाठीबरोबर मिळवले ते नातवाला जड झाले!

पण वहीची खरी परीक्षा तिच्यात कोण आहे यापेक्षा कोण नाही यावर होते. गडी, मोलकरणी, मजूर, कारागिरांच्या हाताखालची माणसे जन्मभर शहरात राबत. पूर्ण नागरिक मात्र त्यांतले थोडेच होत. फ्रांकफुर्टच्या यहुद्यांना तर १४६२ पासून एका अरुंद गल्लीत कोंडले होते. पिढ्यान्पिढ्या तिथे राहूनही ते नागरिक नव्हते. नेपोलियनच्या काळात, १८११ मध्ये, ४ लाख ४० हजार गुल्डन मोजण्याचे कबूल केल्यावर त्यांना समान हक्क मिळाले. लुडविग ब्योर्न हा तरुण यहुदी शहराच्या पोलीस कचेरीत नोकरीला लागला. नेपोलियन हरला, हक्क काढून घेतले गेले आणि ब्योर्नचीही नोकरी गेली. पुढे तो जर्मन भाषेतील नामवंत लेखक झाला. त्याच्या गावच्या यहुद्यांना पूर्ण समानता मिळायला मात्र १८६४ साल उजाडले.

स्वित्झर्लंडमध्ये नागरिकत्वाचे मूळ गावातच रुजलेले आहे. तिथे कोणत्याच गावच्या वहीत नसलेल्या माणसांना ‘हायमाटलोझ’, म्हणजे बेगावचे, म्हणत. त्यांना कोणत्या ना कोणत्या गावाने आपले म्हणावे, असा कायदा १८५० मध्ये झाला. पुढे १८९६ मध्ये एका जर्मन मुलाने आपले मूळ नागरिकत्व सोडले. पाच वर्षे तो कोणत्याच देशाचा नव्हता. १९०१ मध्ये झुरिकने त्याला आपल्या नागरिकांत सामावून घेतले. तो मुलगा म्हणजे आल्बर्ट आइन्स्टाइन. आजही स्विस पासपोर्टवर जन्मस्थळ नसते, ‘मूळ गाव’ असते. मग त्या गावी माणसाने कधी पाऊलही ठेवलेले नसो.

वही शहराला आकार देते हे खरे. कर कोणी भरायचा, तटावर पहारा कोणी द्यायचा, हे वहीशिवाय ठरत नाही. पण माणूस आधी राहतो, राबतो, त्या मातीत आपली माणसे पुरतो; वही मागाहून येते. फ्रांकफुर्टच्या त्या गल्लीला वहीने गाठायला चारशे वर्षे लागली. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा उशीर किती लांब असतो ते समजू शकते. म्हणून रजिस्टरातला ‘मातृभाषा’ हा रकाना भरताना मी घाई करीत नाही. समोरच्या मुलाला आधी विचारतो, ‘बाळ, घरी काय बोलता?’ आणि तो सांगेल तेच लिहितो.