पणाला लागलेला विधुर : द्यूत, प्रमाद आणि कापसाचा मुलूख

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे हे कापसाच्या मुलखातील गाव. तेथून पश्चिमेकडे अजिंठ्याची लेणी फार दूर नाहीत. आपले उपासक-उपासिका लेणी पाहावयास जातात तेव्हा पहिल्या लेण्यातील पद्मपाणीपुढे पुष्कळ वेळ उभे राहतात आणि दुसऱ्या लेण्यातून घाईने बाहेर पडतात. त्या दुसऱ्या लेण्याच्या भिंतीवर विधुरपंडित जातक चितारलेले आहे आणि त्यात एक राजा फासे खेळत बसला आहे. ज्या घरात आकड्याचा नाद शिरला आहे, त्या घरातील माणसाने हे चित्र अवश्य पाहावे, असे आम्हांस वाटते.

कथा थोडक्यात अशी. इंद्रप्रस्थाचा कुरुराजा धनंजय द्यूताचा शौकीन होता. विधुर हा त्याचा प्रज्ञावान अमात्य. पुण्णक नावाचा यक्ष विधुराला मिळवण्याच्या हेतूनेच राजाकडे आला व त्याने एक अद्भुत रत्न आणि घोडा पणाला लावला. राजाने स्वतःचे शरीर, राणी आणि श्वेतच्छत्र एवढे वगळून बाकी सर्वस्व पणाला लावले आणि तो हरला. पुण्णकाने विधुराला मागितले. राजा म्हणू लागला, विधुर म्हणजे मीच, त्याला धनात कसे मोजता? तेव्हा निवाडा विधुरावरच सोपविण्यात आला : तू राजाचा आप्त की दास? खोटे बोलला असता तर विधुर सुटला असता. त्याने उत्तर दिले, मी दास आहे.

या कथेतील राजाने काय वगळले होते, ते पुन्हा पाहावे. स्वतःचे अंग त्याने आधीच बाजूला काढून ठेवले होते. खेळणारा एक, आणि पणात जाणारा दुसराच. महाभारतातील सभापर्वात युधिष्ठिराने भाऊ पणाला लावले, स्वतःला लावले आणि शेवटी द्रौपदीला लावले. तिला कोणी विचारले नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती’ या आपल्या अपूर्ण राहिलेल्या लेखनात प्राचीन आर्य समाजाच्या नैतिक अवनतीची चर्चा करताना मद्यपानाच्या जोडीने द्यूताचा उल्लेख केला आहे, आणि राजवाड्यांना जोडून द्यूतगृहे असत हे दाखवून दिले आहे. हे लेखन १९८७ साली त्यांच्या समग्र लेखनाच्या तिसऱ्या खंडात प्रसिद्ध झाले. बुद्धाचा धम्म कोणत्या समाजात उभा राहिला हे समजून घेण्यासाठी त्यांनी ते चित्र मांडले, हे ध्यानात ठेवावे.

राज्यसंस्थेचा द्यूताकडे पाहण्याचा दृष्टिकोन मात्र वेगळा होता. कौटिलीय अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. खेळ एकाच नेमलेल्या ठिकाणी चालावा, अन्यत्र खेळणाऱ्यास दंड व्हावा आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राजकोशात जावे, अशी व्यवस्था तेथे आहे. खेळ वाईट की बरा हा प्रश्नच तेथे नाही. चोर सापडावेत आणि महसूल मिळावा, एवढाच हेतू आहे.

भगवान बुद्धांनी राजगृहात सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला जो उपदेश केला, तो सिगालोवाद सुत्तात आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहस्थांचा विनय सांगताना याच सुत्ताचा आधार घेतला. त्यात द्यूताचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. जिंकणाऱ्याला वैर चिकटते. हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो. हातातील संपत्ती नाहीशी होते. सभेत त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीत नाही. मित्र आणि सहकारी त्याला तुच्छ लेखतात. आणि सोयरीक जुळविताना लोक त्याला टाळतात. सहापैकी पैशाविषयी किती आहेत ते मोजावे. दोन. उरलेली चारही हानी माणसांमाणसांतील नात्यांची आहे. जुगाऱ्याच्या घरी ज्यांनी एक दिवस काढला आहे, त्यांना हा हिशेब किती खरा आहे हे सांगावयास नको.

आणखी एका शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पंचशीलातील पाचवे शील आपण विहारात नित्य म्हणतो. त्यातील ‘पमादट्ठान’ हा शब्द मद्याविषयी आहे. सिगालोवाद सुत्तात द्यूतालाही हाच शब्द जोडलेला आहे. द्यूत हे मद्यासारखेच प्रमादाचे, म्हणजे सावधपण हरविण्याचे, स्थान होय. आपल्या वस्त्यांत दारूविरुद्ध मोर्चे निघाले, जुगाराविरुद्ध फारसे निघाले नाहीत. जुगाऱ्याच्या तोंडाला वास येत नाही, हेही त्याचे एक कारण असावे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली जुगाराच्या अनावर ओढीला आपल्या रोगसूचीत प्रथम स्थान दिले, आणि २०१३ साली तिला दारू व इतर मादक पदार्थांच्या व्यसनांच्या वर्गात नेऊन बसविले. यावरून बुद्धांनी आधुनिक वैद्यक आधीच सांगून ठेवले होते, असा दावा आम्ही करीत नाही. तसले दावे इतरांनी पुष्कळ केले आहेत. दोघांनीही माणसाकडे नीट पाहिले, एवढेच.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व मागणी आली. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. तेव्हापासून शेतात बोंड वेचणाऱ्या हाताचा आणि त्या बोंडाच्या भावाचा संबंध सुटत गेला. भाव दूर कोठेतरी ठरू लागला. पुढे मुंबईत याच दूरच्या भावावर जुगार सुरू झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडण्याचे व बंद होण्याचे दर तारयंत्राने मुंबईस येत आणि त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ साली हे दर येणे थांबले. जुगार मात्र थांबला नाही. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ साली रतन खत्री यांनी नवा मटका सुरू केला. चिठ्ठ्या मातीच्या मडक्यातून काढीत म्हणून नाव मटका. पुढे मडके गेले, पत्ते आले, नाव राहिले. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्दही राहिले. ते कापूस बाजाराचे शब्द आहेत. मोताळा-मलकापूर भागातील कोणी शेतकरी वा मजूर कापसाचा चुकारा घेऊन ‘वरली’चा आकडा लावतो, तेव्हा तो आपल्याच कापसाच्या मेलेल्या भावावर पैसे लावीत असतो.

या खेळाचे गणित सोपे आहे. आकडे दहा, आणि लागला तर मिळणार सर्वसाधारणपणे नऊपट. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावणाऱ्याचे दहा जातील आणि नऊ येतील. तरीही खेळणारा म्हणतो की अमुक आकडा पुष्कळ दिवस आला नाही, आज येणारच. आकड्याला स्मरण नसते. नियतीवादाचे खंडन करणाऱ्या धम्माचे अनुयायी ‘नशीब’ या शब्दापुढे कसे नमतात, याचे आम्हांस नवल वाटते.

कायद्याची गोष्ट कौटिल्याहून फार पुढे गेलेली नाही. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याखाली आकडा लावणारा पकडला जातो, आणि १९६९ पासून राज्याची स्वतःची लॉटरी आहे. मोबाईलवरील पैशांच्या खेळांनी तर ‘जबाबदारीने खेळा’ अशी पाटी आपल्याच जाहिरातीत लावली. म्हणजे प्रमाद विकणाऱ्यानेच अप्रमादाचा उपदेश करावयाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने असे खेळ चालविण्यास मनाई करणारा कायदा संमत केला. त्यात चालविणाऱ्याला शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही. हा भेद आम्हांस योग्य वाटतो.

कारण सिगालोवाद सुत्तातही जुगाऱ्याला टाकून द्या असे कोठे म्हटलेले नाही. जुगारात सोबत करणारा तो खोटा मित्र, असे तेथे आहे. आणि खऱ्या मित्राची लक्षणे सांगताना, तो प्रमादात पडलेल्या मित्राचे रक्षण करतो, त्याच्या संपत्तीचेही रक्षण करतो, असे आहे. हे दुसरे लक्षण अत्यंत व्यवहारी होय. ज्याचा हात आवरत नाही त्याने आपले बँकेचे पुस्तक आणि मोबाईलवरील पैशांचा व्यवहार काही काळ पत्नीच्या, आईच्या वा विश्वासू भावाच्या हाती द्यावा. सगळे देणे, सावकाराचे आणि हातउसनेही, एका कागदावर उतरवून घरच्यांपुढे ठेवावे. घरच्यांनी ते गुपचूप फेडून टाकू नये. तसे केल्यास मोकळा झालेला हात पुन्हा चिठ्ठीकडे वळतो. लॉस एंजेलिस येथे १९५७ साली जुगार सोडू पाहणाऱ्यांनीच आपली एक संघटना स्थापन केली, तिचा पायाही एकमेकांपुढे खरे बोलणे हाच आहे. विधुराने सभेत जे केले, ते याहून निराळे नव्हते.

घरच्यांच्या आवाक्याबाहेरचे असेल तेव्हा जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. बोलणारा स्वतः खेळणाराच असला पाहिजे असे नाही, त्याची पत्नी किंवा मुलगीही बोलू शकते. कर्जापायी जीव देण्याची भाषा कोणी करू लागला तर त्याला एकटे सोडू नये आणि सकाळची वाट पाहू नये. हा क्रमांक रात्रीही चालू असतो.